वेताळखिंडीतली मिठी

“...पण मी त्याला सोडायला हवं होतं का, महाराज?”

केशरनाथ महाराजांनी धुनीतलं लाकूड जरा आत सरकवलं.

हेरंबनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाज चढला होता.

हेरंब काळसेकर हा महाराजांचा जुना शिष्य. गाड्यांचा इंजिनिअर. कोणती गाडी वर्षानुवर्षं साथ देते, कोणती भर रस्त्यात दगा देते आणि कोणती पेट घेऊ शकते, हे पारखणं त्याचं काम. त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. लोक गाडी घेण्याआधी त्याला विचारत, आणि तो सांगेल तीच घेत.

पेट्रोलची गाडी पेटण्याचं भय अधिक, असं तो सांगे. हायब्रीडमध्ये टाकीही आली नि बॅटरीही आली, दोन्हींचं दुखणं आपल्या दारात. विजेची गाडी क्वचितच पेटते. मात्र पेटली तर विझता विझत नाही. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगे, की ऐकणाऱ्याच्या मनातली धाकधूक जागच्या जागी निवून जाई.

अनंता पिसाळनंही त्यालाच विचारलं होतं. अनंता म्हणजे त्याचा शाळेपासूनचा जिवलग. हेरंबच्या शब्दावर त्यानं विजेची गाडी घेतली, आणि ती महाराजांना दाखवायला तिघं निघाले. पुढं नव्या गाडीत एकटा अनंता. मागं हेरंबच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत हेरंब आणि अनंताचा थोरला भाऊ, रंगनाथ.

मठ वेताळखिंडीच्या माथ्यावर. खिंडीत दरडीचा एक धोंडा सुटून रस्त्यात येऊन पडला होता. वळण घेतल्यावर अनंताला तो दिसला, पण तोवर उशीर झाला होता. धोंडा गाडीच्या पोटाखाली गेला, नेमका बॅटरी असते तिथं. गाडी फरफटत जाऊन कठड्याला टेकली.

आधी पांढरा धूर आला. मग फसफस आवाज. मग जाळ.

दारं उघडली नाहीत. अनंता आतून काचेवर हात मारत होता.

रंगनाथ धावला. हेरंबनं त्याला मागून मिठी मारली, आणि काचेवरचे हात थांबेपर्यंत ती सोडली नाही.

तालुक्याहून बंब आला. आग विझली. पुन्हा पेटली. पुन्हा विझवली, तर ओढून नेताना पुन्हा पेटली. हेरंबनं आयुष्यभर जसं सांगितलं होतं, अगदी तसंच झालं.

लोक म्हणाले, हेरंब होता म्हणून एक भाऊ तरी वाचला. पोलिसांनी तेच म्हटलं. अनंताच्या बायकोनं, यमुनानं, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं त्याच्यापुढं हात जोडले.

बोलला नाही तो फक्त रंगनाथ. तेरावा उरकला, आणि तो उठून मठात आला. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. दिवसभर ओट्यावर बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावतो. आत्ताही लावत होता. दोघांचं बोलणं त्याला ऐकू जाईल, इतक्याच अंतरावर.

हेरंबनं महाराजांना सगळं समजावून सांगितलं. तो धूर विषारी असतो. त्या बॅटरीतला करंट माणसाला जागच्या जागी मारू शकतो. कधी स्फोट होईल, याचा नेम नसतो. रंगनाथ गेला असता तर एकाच्या जागी दोन प्रेतं निघाली असती. आणि आपला सल्लाही चुकीचा नव्हता, असंही तो म्हणाला. धोंडा पेट्रोलच्या टाकीला लागला असता तर ती गाडीही पेटली असती. आजही कुणी विचारलं तर आपण हीच गाडी सांगू. लाखांत एखादी पेटते... तेवढीही नाही.

महाराज ऐकत होते.

“लाखांत एखादी,” ते म्हणाले.

“हो.”

“रंगनाथला भाऊ किती होते?”

हेरंब खाली पाहू लागला.

“...एकच.”

ओट्यावर पान फाटल्याचा आवाज झाला. रंगनाथनं ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

महाराज म्हणाले, “तू सांगतोस ते खरं आहे. तो गेला असता तर मेला असता.”

हेरंबला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. उलट आता त्याला कुठं टेकायलाही जागा उरली नाही.

“मग तो माझ्याशी बोलत का नाही?” त्यानं विचारलं. “माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी काय केलं, महाराज? मी त्याला वाचवलं.”

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले. अंगानं वाळलेले, वयानं थकलेले. धुनीकडे तोंड करून उभे राहिले.

“धर मला,” ते म्हणाले. “त्याला धरलं होतंस तसं.”

हेरंब बिचकला. महाराजांनी पुन्हा सांगितलं नाही. ते सरळ धुनीच्या दिशेनं चालू लागले.

हेरंबनं पुढं होऊन त्यांना मागून मिठी घातली. सुरुवातीला सांभाळून, म्हाताऱ्या अंगाला लागू नये म्हणून. पण महाराज थांबेनात. त्या वाळक्या देहात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ते जाळाकडे ओढत होते आणि खरोखरच ओढत होते. धग हेरंबच्या तोंडाला लागली, आणि त्याला मिठीत महाराज आहेत याचाच विसर पडला. पुन्हा ती खिंड. तो वास. काचेवरचे हात. त्यानं टाचा रोवल्या आणि सारा भार मागं टाकला.

महाराज एकदम खाली बसले.

ओढ सुटली. हात मोकळे झाले. हेरंब मागच्या मागं कोलमडला आणि धुनीपासून लांब, मठाच्या दाराशी जाऊन उताणा पडला.

महाराजांनी वळून पाहिलं. तो कुठं पडला आहे, तेवढंच पाहिलं.

हेरंब उठला नाही. वर कौलांकडे बघत पडून राहिला. खिंडीतली एक गोष्ट त्यानं पोलिसांना सांगितली नव्हती, यमुनाला नाही, स्वतःलाही नाही. गाडी कठड्याला टेकली तेव्हा नुसता धूर होता. धूर आणि जाळ यांच्यामध्ये थोडी फट असते, माणूस बाहेर ओढायला मिळणारी. किती, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही, पण असते. ते रंगनाथला ठाऊक नव्हतं, तरी तो धावला. हेरंबला ठाऊक होतं... आणि रंगनाथ धावायच्या आधीच त्याची पावलं मागं सरकू लागली होती. रंगनाथ त्याच्या अंगावरूनच पुढं निघाला होता. हेरंबच्या हाताला तो लागला, आणि त्यानं बुडत्यानं धरावं तसं त्याला धरलं.

“तो गेला असता,” हेरंब हळूच म्हणाला, “तर मलाही जावं लागलं असतं.”



ओट्यावरचा आवाज थांबला होता. रंगनाथनं पानं खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि तो उठला. हेरंबनं त्याला येताना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. आता तो लाथ घालील, थुंकेल, निदान शिवी तरी देईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा रंगनाथ त्याच्यावर वाकून उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती. त्या दिवसापासून त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यानं एक हात पुढं केला होता.

हेरंबला तो हात धरवेना.

“महाराज...” तो म्हणाला. “हा मला कुठं नेणार आहे?”

महाराज पुन्हा धुनीपाशी जाऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“धर,” ते म्हणाले. “या खेपेला तो ओढील तिकडं जा.”