आवडाला कोणी सांगितलं?

एका खाडीकाठच्या गावात होड्या बांधणारा एक मिस्त्री होता. नाव धाकू. हाताचा चांगला, मनाचा त्याहून चांगला, फक्त दुपार व्हायच्या आधीच त्याला भूक लागायची. त्याच्या हाताखाली बाबल आणि तातू असे दोन सुतार होते. हे तिघं काठावर काम करायचे. चौथी होती आवडा. ती होड्यांची शिडं शिवायची, पण टेकडीवरच्या आपल्या घरी बसून. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून बिचारी रोज खाली कशी येणार? धाकूनं पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं होतं, "तू घरीच शीव गो बाय. तू कुठं बसून शिवलंस, ते वारा थोडाच विचारायला येतोय!"

माणूस भला, यात शंका नाही. पण या तिघांची एक खोड होती. पोटात भाकरी गेल्याशिवाय त्यांना काही ठरवताच यायचं नाही. दुपारी उंडीच्या झाडाखाली डबे सुटायचे. कालवण-भात संपला तरी कोणी उठायचं नाही. उष्टा हात वाळेपर्यंत गप्पा चालायच्या. आणि त्या गप्पांतच होडी किती लांब, किती रुंद, फळी कुठली, सगळं ठरायचं. शेवटी धाकू डाव्या हातानं मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ठरलं तर मग!"

झालं! ठरलं म्हणजे जगाला कळलं, असंच त्यांना वाटायचं. आवडाकडे निरोप जायचा तो एवढाच, की शीड कर. का, कसं, काय बदललं, ते उंडीखालीच राहायचं. कधी शीड थोडं सैल व्हायचं, कधी थोडं तोकडं. चालवून घ्यायचे.

त्या वर्षी येसूआजीची होडी बांधायला घेतली, आणि आवडाकडे निरोप गेला, आजीच्या जुन्या शिडाएवढं शीड कर. ही येसूआजी म्हणजे गावाची नावाडीण. अख्ख्या गावाला तिनं खाडीपार नेलेलं. नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, आणि रडणाऱ्या पोरांना पार होईपर्यंत गाणी म्हणून गप्प केलं. तिची जुनी होडी कुजून गेली होती. गावाचा रिवाज असा, की दसऱ्याच्या सकाळी आधीच्या नावाड्यानं शीड चढवून होडी पाण्यात उभी केली, तर वर्षभर माणसं न्यायचा मान त्याचाच, नाहीतर तो दुसऱ्याला. पलीकडच्या गावचा एक तरणा नावाडी टपूनच बसला होता. मान गेला की आजीला घाटावर भाच्याकडे जाऊन राहावं लागणार होतं.

"तिकडे पाणी विहिरीत असतं म्हणे," आजी म्हणायची. "मी काय विहिरीकडे बघत बसू?" आणि हसायची. पण डोळे काही हसायचे नाहीत.

एके दुपारी आजी सुक्या बांगड्याची चटणी घेऊन उंडीखाली आली. तिघं जेवतच होते. आजी हळूच म्हणाली, "धाकू, एक सांगू? उंच शीड आता माझ्यानं ओढवत नाही रे. खांदा दुखतो."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" धाकू म्हणाला. "डोलकाठी आखूड करू. शीडही आखूड. हलकं होईल, एका हातानं चढेल. काय रे?"

"बेस!" बाबल म्हणाला. तातूच्या तोंडात घास होता, त्यानं मान हलवली.

"ठरलं तर मग!"

डोलकाठी त्याच दिवशी कापली. आणि आवडाला कोणी सांगितलं? बाबलला वाटलं तातू सांगेल, तातूला वाटलं मिस्त्री सांगतील, आणि मिस्त्री चटणीची तारीफ करत होते.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या आवडाची यात काय चूक? थोडी होती हो, तिचीही होती. मासळीवाली टेकडीवर आली तेव्हा सहज बोलून गेली होती, "आजीच्या होडीची काठी ठेंगणी दिसते बाई." आवडाची सुई थांबली. मनात आलं, जाऊन विचारावं का? मग वाटलं, बदललं असतं तर सांगितलं असतं की. उगाच विचारलं तर म्हणतील, हिला एवढंही कळत नाही. आणि ती पुन्हा शिवायला लागली. आजीचं शीड म्हणून चांगल्यातलं चांगलं कापड घेतलं, काठाला दुहेरी टाक्यांनी दोर शिवला. बोटं सोलून निघाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सासूजवळ शेजारणीला बसवून आवडा शीड डोक्यावर घेऊन खाली आली. हौसेनं आली. तिघांनी शीड चढवलं. ते डोलकाठीच्या टोकाला पोचलं, तरी निम्मं होडीतच पडून होतं.

धाकूनं दोर आणखी एकदा ओढून पाहिला. मग बाबलच भडकला. "आवडे, तुला काय सांगितलं होतं?"

"तेच विचारतेय मी, बाबलदादा," आवडा म्हणाली. "मला काय सांगितलं होतं?"

बाबलनं तातूकडे पाहिलं, तातूनं मिस्त्रीकडे. मिस्त्रीनं खाडीकडे पाहिलं.

आवडाला रडू फुटलं. "तुम्ही जेवताना ठरवता. मी तिथं जेवायला नसते, हे तुमच्या एकाच्याही ध्यानात येत नाही? आणि माझंही मेलीचं चुकलंच. कानावर आलं होतं, तरी मी विचारलं नाही."

आजी पुढे झाली. आवडाचे डोळे पदरानं पुसले. "रडू नको गो माझी बाय. शीड किती देखणं झालंय बघ. मी जाईन भाच्याकडे. त्यात काय एवढं?" आणि असं म्हणता म्हणता तिनं तोच पदर आपल्या डोळ्यांना लावला.

"जाईन काय म्हणतेस!" बाबलनं सुरा काढला. "खालचं कापून टाकू. मिस्त्री, बोला, ठरलं?"

धाकूचा हात मांडीकडे गेला. 'ठरलं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण समोर आवडा उभी होती, आणि तिनं त्या सुऱ्याकडे पाहून डोळे घट्ट मिटले होते. धाकूनं हात मागे घेतला.

"थांब रे. आवडा, तू सांग. काय करता येईल?"

इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. आवडानं डोळे पुसले आणि शिडाचा काठ हातात घेतला.

"नुसतं कापून टाकलं तर दोराचा काठ जाईल, पहिल्याच वाऱ्याला शीड फाटेल," ती म्हणाली. "आधी काठाचा दोर उसवायचा, मग कापायचं, आणि दोर पुन्हा शिवायचा. पण एकटीला तीन-चार दिवस लागतील, मिस्त्रीकाका. आणि सासूबाईंना सोडून मला इथं बसता येणार नाही."

"मग आम्ही वर येतो," धाकू म्हणाला. "एकटीला कशाला? आम्हाला हात नाहीत का?"

तिघांनी शीड खांद्यावर घेतलं आणि टेकडी चढले. आजीही मागून आली. आवडाच्या अंगणात शीड पसरलं. जे सुतार डोळे मिटून खिळा ठोकायचे, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. बाबलनं तर आपला सदराच शिडाला शिवून टाकला. आतून सासूबाई खोकत खोकत हसायला लागल्या. बाबल एकदा म्हणाला, "काय गो आवडे, रोज एवढं टोचतं?" आवडा म्हणाली, "रोज." मग तो खाली मान घालून शिवत राहिला.

प्रत्येक जण टाका घालायच्या आधी विचारत होता, आणि आवडा सांगत होती. काही समजलं नाही की आवडाही विचारत होती, काठी नेमकी किती, दोर कुठं बांधणार, आजीचा कुठला खांदा दुखतो. दिवेलागणीला शीड तयार झालं.

दसऱ्याच्या सकाळी सगळं गाव काठावर जमलं, आवडा तेवढी सासूजवळ घरी होती. पलीकडचा नावाडी ते वेडेवाकडे टाके बघून खुदकन हसला. आजीनं त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. तिनं एका हातानं दोर ओढला, आणि शीड सरसर वर चढून वाऱ्यानं भरलं. "चढलं गो बाई, चढलं!" आजी पोरीसारखी ओरडली, आणि मग होडीतच बसून रडली. मान तिलाच मिळाला.

सगळे आजीभोवती नाचत होते तेव्हा धाकू मिस्त्री एकटाच टेकडी चढून आवडाच्या दारात आला. धापा टाकत होता.

"तुझं शीड चढलं," तो म्हणाला. "म्हटलं, तुला आधी सांगावं. आणि पाटलांची नवी होडी बांधायला घ्यायचीय. ती कशी करायची, ते ठरवायचंय. तुला कधी सवड असते?"

आवडानं हातातली सुई खाली ठेवली. "दुपारी सासूबाई निजतात, तेव्हा."

"बरं. आम्ही डबे घेऊन येतो."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: दूर बसून आपल्यासोबत काम करणाऱ्याला नुसतं काम धाडू नये, ठरवतानाही त्याला विचारावं, आणि दूर बसलेल्यानंही शंका आली की संकोच न करता विचारून घ्यावं.