म्हाताऱ्याची पकड

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. दुरुस्तीच्या टेबलावर एक म्हातारा लॅपटॉप आला. त्याच्या पोर्टाचा पत्रा वाकला होता, म्हणून नेटची वायर लावली की निसटायची. मालकीणबाईंच्या डोंगरातल्या घरी नेट वायरीनंच यायचं. पोर्ट सुधारलं नाही, तर म्हातारा भंगारात जाणार होता.

शेजारचा नवाकोरा लॅपटॉप खिदळला, "आजोबा, दुरुस्तीचा हट्ट सोडा! मला तर वायर लावायचं असलं तोंडच नाही."

चिमटा म्हणाला, "बाबा, सरळ करताना पत्रा तुटेलही."

"तुटला तर तुटला. तू धर," म्हातारा म्हणाला आणि जरासुद्धा हलला नाही.

पत्रा सरळ झाला. वायर टक्कन बसली, हिरवा दिवा लागला.

"ये रे पोरा, वायर ओढ आता!" म्हातारा नव्याकोऱ्याला म्हणाला.

नव्याकोऱ्यानं सगळा जोर लावला. अख्खा म्हातारा टेबलावरून सरकत आला, पण वायर काही त्यानं सोडली नाही.