देव्हाऱ्यातले पेन

एकदा एक बाप आपल्या मुलीला म्हणाला, “ठेव ते खाली! नाहीतर हात मोडून ठेवीन तुझा.”

मुलगी देव्हाऱ्यासमोर उभी होती. तिच्या मुठीत टॅबवर नक्षी काढायचे पांढरे पेन होते. पांढरे म्हणायचे इतकेच, कारण त्यावर हळदकुंकवाची जाड पुटे चढली होती.

“मोडा, अण्णा,” ती म्हणाली. “तसाही या हाताचा या घरात काय उपयोग आहे?”

“आईची शेवटची खूण आहे ती!”

“आईनं मलाच दिलं असतं.”

“दिलं असतं! दिलं का?”

“तिला वेळ कुठं मिळाला?”

यावर बाप आणखीच मोठ्याने ओरडला.

हा बाप पैठणी विणणारा आणि मुलीची आई पैठणीची नक्षी काढणारी. पूर्वी ती चौकोनांच्या कागदावर काढी, पुढे टॅबवर काढू लागली. तिने काढलेले पदर गावातल्या निम्म्या मागांवर चढत. मागच्या पावसाळ्यात टॅबवर वाकलेली असतानाच ती गेली. उचलून निजवली तेव्हा पेन बोटांतच होते.

मग नवरात्र आले. खंडेनवमीला विणकरांच्या घरी हत्यारांची पूजा असते. धोटा, फणी, कात्री पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी कोणी त्यांना कामाला लावत नाही. बापाने धोट्याशेजारी बायकोचे पेन मांडले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याने धोटा उचलला, फणी उचलली. पेन उचलले नाही. ते पाटावरून देव्हाऱ्यात गेले. टॅबला रेशमी खोळ शिवली गेली. आणि घरात नियम झाला की, याला कोणी हात लावायचा नाही. पुरुषाला रडता आले नाही की तो नियम करतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

नियमांची एक खोड असते, ते एकटे राहत नाहीत. पेनाला हात लावायचा नाही, मग मुलीने नक्षीच काढायची नाही, मग बाईंच्या वर्गाला जायचे नाही, मैत्रिणींकडे नाही, होता होता उंबऱ्यावर उभे राहणेही बंद झाले. “नक्षीनं तुझी आई खाल्ली,” तो म्हणे, “तुला नाही खाऊ देणार.” हे म्हणताना त्याचा आवाज इतका मऊ होई की, पोरीला उलटून बोलता येत नसे. वर्ष होत आले तेव्हा, त्या सकाळी, तिला ते जमले.

भांडण असे रंगात आलेले असताना काठी टेकत एक म्हातारी आत आली. तिने गावातल्या बायकांच्या दोन पिढ्यांना नक्षी शिकवलेली. सगळे तिला ‘बाई’ म्हणत.

“भानुदास, तुझा आवाज वेशीपर्यंत येतोय,” बाई म्हणाल्या. “मागाचा आवाजही येऊ दे कधी तेवढा.”

“बाई, तुम्ही मध्ये पडू नका. घरातली गोष्ट आहे.”

“घरातलीच आहे. हिच्या आईच्या, मालनच्या हातात पहिली पेन्सिल मी दिली. तू तेव्हा तिला ठाऊकही नव्हतास.”

“मग सांगा की या कारटीला! देवातली वस्तू ओढून काढली हिनं.”

“बाई, तुम्हीच सांगा यांना,” मुलगी म्हणाली. “मला काढायचंय. मला काही येईनासं होईल हो.”

बाईंनी मुलीच्या मुठीतून पेन घेतले, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराने त्यावरचे कुंकू खरवडू लागल्या.

“बाई, पूजेतलं आहे ते!”

“होय रे. म्हणूनच ओळखू येईना.” मग मुलीकडे वळून, “केतकी, चार्जर आण. आणि टॅबची ती खोळ काढ.”

बाप पुढे सरसावला तशी बाईंनी काठी आडवी धरली. “आधी माझं ऐक. हे पेन सुरू झालं, तर मी माझ्या हातानं देव्हाऱ्यात परत ठेवीन. वर फूल वाहीन. ही पोर पुन्हा मागणार नाही, त्याची जबाबदारी माझी. आणि नाही सुरू झालं, तर मी म्हणेन ते तू ऐकायचंस.”

“बाई!” मुलगी कळवळली. आपले म्हणून ज्या माणसाची वाट पाहिली, तेच उलटले असे तिला वाटले. खरे तर मलाही सांगणाऱ्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा इथे बाईंचा रागच आला होता.

“गप बस तू,” बाई म्हणाल्या.

बापाचा चेहरा मात्र उजळला. “न व्हायला काय झालं? एवढं जपलंय. एक ओरखडा दाखवा त्याच्यावर.”

“ओरखडा नाहीच,” बाई म्हणाल्या. “ते दिसतंय मला.”

चार्जर लावला तरी टॅब बराच वेळ काळाच राहिला. मग उजळला आणि त्यावर मालनचा शेवटचा पदर आला. डावीकडची मुनिया पूर्ण होती, हिरव्या पंखांची, लाल चोचीची. उजवीकडे तिच्यासमोर बसायची दुसरी मुनिया. तिची चोच झाली होती, गळ्यापर्यंतचे चौकोन भरले होते, आणि पुढे पांढरे. बापाने तोंड फिरवले.

बाईंनी पेन टॅबच्या कडेला टेकवले. लोहचुंबकाने ते टक् करून चिकटले. मालन रोज संध्याकाळी काम आटोपले की ते असेच चिकटवून ठेवी; मग पेन किती भरले त्याची छोटी खूण काचेवर उमटे. ती खूण ओळखीची होती, म्हणून तिघेही तिथेच पाहत बसले.

खूण उमटली नाही.

“पुसून लावा,” बाप म्हणाला. पुसून लावले. “उलटं लावा.” उलटे लावले. मग त्याने ते स्वतःकडे घेतले, तळव्यांत चोळले, फुंकर घातली, पुन्हा टेकवले. त्या दुपारी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या घरातला माग खटखटत होता, तो जेवायला थांबला आणि पुन्हा सुरू झाला. काचेवर खूण आली नाही.

“हिनं हात लावला म्हणून!” बाप एकदम ओरडला. “चांगलं होतं. हिच्या हातानं गेलं!”

त्या काचेवर बोटानेही रेघ उमटते हे मुलीला ठाऊक होते. दुसऱ्या मुनियेचा गळा जिथे तुटला होता, तिथे तिने बोट नेले. बापाने तिचे मनगट धरले, असे की पोरीचा चेहरा पांढरा पडला.

“तिची शेवटची रेघ आहे ती! त्याच्यापुढं कोणी जायचं नाही!”

बाईंनी आवाज चढवला नाही. “आपलं ठरलंय, भानुदास. आता माझं ऐक. मालननं मलाही असलं पेन आणून दिलं होतं. मी म्हटलं, कपाटात ठेव, सणासुदीला काढीन. तशी हसली. म्हणाली, बाई, ही काय पैठणी आहे घडी घालून ठेवायला? याच्या पोटात इवलीशी बॅटरी आहे, ती नुसती पडली तरी झिरपत राहते. टॅबला टेकवलं की भरते. पण कोरडी होऊन फार दिवस पडली, की मग ती काही घेईनाशी होते. मग जन्मभर टेकवून बसा. तिचे शब्द आहेत हे. कुंकवाची पुटं बघितली तेव्हाच मी समजले. तुझ्या डोळ्यांनी बघावंस म्हणून पैज लावली.”

“मी रोज पूजा केली, बाई.” त्याचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “एक दिवस चुकवला नाही.”

“धोट्याचीही केली होतीस. मग दसऱ्याला धोटा का उचललास? दुसऱ्या दिवशी हातात घ्यायचं असतं, म्हणून आदल्या दिवशी हत्यार पुजायचं. तुझ्या घरात तो दुसरा दिवस उजाडलाच नाही.”

“दुकानात नेलं तर?”

“नवं मिळेल. हे नाही.”

बाप खाली बसला. मालन गेली त्या दिवशी जे डोळे कोरडे राहिले होते, ते आता वाहू लागले. पण मुलीचे मनगट त्याने सोडले नव्हते. आणि बाईंच्या ध्यानात आले ते निराळेच. सकाळी ‘मोडा’ म्हणून छाती काढून उभी राहिलेली ती पोर आता हात सोडवून घेण्याची खटपटही करत नव्हती. नुसती उभी होती, काचेवरच्या पांढऱ्या जागेकडे बघत.

बाई काठीवर भार देऊन उठल्या. मेलेले पेन त्यांनी बापाच्या दुसऱ्या हातात ठेवले आणि त्याची मूठ मिटवली. त्याची पकड सुटली ती त्यानंतर त्या जे बोलल्या त्याने:

“पेन गेलं ते गेलं, भानुदास, ही पोर अजून घेते आहे, तोवर हिला देव्हाऱ्यातून खाली काढ.”