पंचवीस काडतुसे

डोंगराच्या कुशीत एकदा एक वृद्ध शिकारी राहत असे. शिकार केव्हाच सुटली होती, पण स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याचा छंद सुटला नव्हता. रिकामी नळकांडी पुसावीत, माप लावून दारू घालावी, त्यावर डाट दाबून छरे ओतावेत, पुठ्ठ्याच्या चकतीने तोंड बंद करावे आणि चकतीवर भरणाऱ्याने आपले नाव लिहावे, असा त्याचा दंडक. भरताना मध्येच कोणी बोलले, तर त्या बैठकीतले एकही काडतूस वापरायचे नाही, हा दुसरा.

त्याच्याकडे एक तरुण शिष्या शिकत होती. दुसऱ्या दिवशी शहरात तिची नेमबाजीची निवडचाचणी होती. पहाटेची एसटी गाठायची होती. संध्याकाळी बसून मध्यरात्रीपर्यंत पंचवीस काडतुसे भरून तिने समाधानाने हात झटकले.

"मध्ये बोललीस?" वृद्धाने विचारले.

"शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या होत्या. मी 'ठेवा' म्हणाले. एक शब्द, आबा."

वृद्धाने एक काडतूस उचलले, उकलले आणि त्यातली दारू कागदावर ओतली.

ती उसळली. "वय झालं की माणूस सावलीलाही भितो. तुमच्या भीतीपायी मी वर्षभराची मेहनत सोडू? शंका असेल तर तोलून बघू."

"छऱ्यांच्या वजनात दारूचं वजन लपतं, पोरी. तेव्हा मीही तोलूनच पाहिली होती."

"तेव्हा म्हणजे?"

वृद्धाने फडताळातून एक डबी काढली. तिच्यात अर्धी जळलेली चकती होती. तिच्यावर त्याचेच नाव, त्याच्याच अक्षरात.

"माझ्या पोरानं, दौलतनं हाक मारली होती, 'आबा, जेवायला चला.' मी मान वर करून 'आलो' म्हणालो. एका काडतुसात माप दोनदा पडलं. पडलं असावं, असं मला त्याच रात्री वाटलं होतं. पण तीस काडतुसं कोण उकलणार? नुसती तोलून पाहिली. म्हटलं, शंका एकाचीच तर आहे. सकाळी दौलत बंदूक घेऊन गेला. दुप्पट दारूनं बंदूक हातातच फुटली; परत आली ती एवढी चकती." त्याने डबी मिटली. "शंका एकाचीच असते गं. पण ते कोणतं हे ठाऊक नसतं, म्हणून ती सगळ्यांची होते. ही उरलेली चोवीस तुझी. त्यांच्यावर नाव तुझं आहे. मी हात लावणार नाही."

तिने कंदील जवळ ओढला आणि कागदावरची दारू आधी मापून पाहिली. मग तिने पहिले काडतूस उचलले. उकलायचे, दारू मापून पाहायची, बाजूला ठेवायची. चोविसावे झाले तेव्हा उजाडले होते आणि एसटी घाट उतरून गेली होती.

"सगळी नीट होती, आबा," ती म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता, रडू होते.

वृद्धाने तिच्यासमोरची चोवीस रिकामी नळकांडी एकेक करून उभी केली.

"हो," तो म्हणाला. "हे वाक्य म्हणायला मिळावं, म्हणून त्या रात्री मी उकलत बसायला हवं होतं."

तिने ताकाचा तांब्या उघडला, अर्धे त्याला दिले, आणि दोघे प्यायले.

आपल्या हातच्या कामाची शंका आली, तर ते आपणच उकलून पाहावे. निर्दोष निघाले तर गेली ती फक्त एक एसटी.