येसूची अनामत म्हैस

“घर होतं तसं परत कर, मगच म्हैस सोड!” कोंडशेटनं फर्मान काढलं आणि चौकटीवर आपटलेलं कपाळ चोळत तो दारातच उभा राहिला.

येसू कासारीण सामान बांधून निघालीच होती. बकुळपूरची रीत अशी, की घर भाड्यानं घ्यायचं तर अनामत म्हणून दुभतं जनावर मालकाच्या गोठ्यात बांधायचं आणि घर सोडताना ते सोडवून न्यायचं. सहा वर्षांपूर्वी येसूनं पहिल्या वेताची म्हैस बांधली होती. भाडं तिनं एक दिवसही थकवलं नव्हतं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. बांगड्यांचा पेटारा घेऊन दारोदार फिरणं होईना, म्हणून लेकीच्या गावी जाऊन दूध विकायचं, एवढाच तिचा बेत. म्हैस गेली, तर पोटावरच पाय!

कोंडशेट तसा फार न्यायी माणूस. भाडेकरूचं जनावर त्यानं कधी विनाकारण अडकवलं नाही. दर वेळी कारण शोधून काढायचा.

“शेणानं सारवून सारवून जमीन चार बोटं वर आणलीस! दार बुटकं झालं. माझं टाळकं फुटलं, ते कुणी भरून द्यायचं?”

“दर शनिवारी सारवायला तुम्हीच सांगितलं होतं, शेटजी!”

“सारव म्हटलं होतं, जमीन वाढव म्हटलं नव्हतं! आणि या भिंती? धुरानं काळ्याकुट्ट!”

“चूल पेटली की धूर होतो. तुमच्याकडे काय उन्हावर भाकरी भाजतात?”

प्रकरण राजे चंद्रभानांपुढे गेलं. राजे न्याय झटपट देत. ऐकून घेण्यात वेळ घालवायची त्यांना सवय नव्हती, आणि दिलेला हुकूम मागं घेणं तर त्यांच्या घराण्यातच नव्हतं.

“घर घेतलंस त्या दिवशी जसं होतं, तस्सं उद्या परत कर. नाहीतर म्हैस शेटची!”

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगारच त्याचा मिळत होता.

येसू गोठ्यात गेली. म्हशीनं तिचा हात चाटला आणि येसूला रडू फुटलं. मग राग आला. राग आला की येसूचं डोकं भलतंच चालायचं. म्हशीच्या पलीकडे तिच्याच पोटच्या तीन वगारी रवंथ करत बांधलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघत येसूनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात हजर!

“झालं का घर पहिल्यासारखं?” राजांनी विचारलं.

“करायलाच बसले होते, महाराज. पण त्या दिवशी घर सहा वर्षांनी लहान होतं. वय उतरवायची विद्या काही मला येत नाही. शेटजींना येत असणार, त्याशिवाय का मागतायत? त्यांनी आधी माझी म्हैस पहिल्या वेताची करून दाखवावी. बघून शिकेन मी!”

कोंडशेट उसळला. “खुळी का काय ही? सहा वर्षं झाली! जनावराचं वय वाढणारच. वापरलं की झिजतंच, त्याला मी काय करू?”

“जरा मोठ्यानं बोला, शेटजी! कारकुनाला लिहून घ्यायचंय.”

राजांच्या मिशा हलल्या. तरी ते गुरगुरले, “हुकूम मागं घेणार नाही!”

“कशाला घ्यायचा, महाराज? राहू द्या की. दोघांना सारखा लावा म्हणजे झालं. मी धूर चुलीत परत घालते, शेटजींनी सहा वर्षांचं दूध सडात परत घालावं!”

कोंडशेटनं घाईघाईनं हात जोडले. “जाऊ द्या, महाराज. मी मोठ्या मनाचा माणूस. घर आहे तसं घेतो. हिनं म्हैस आहे तशी न्यावी.”

“आणि तिच्या तीन वगारी?” येसूनं विचारलं.

“त्या माझ्या! माझ्या गोठ्यात जन्मल्या त्या!”

“धूरही तुमच्याच घरात जन्मला, शेटजी! पण चूल माझी म्हणून तो माझ्या माथी मारलात. मग म्हैस माझी असताना तिची पोरं तुमची कशी?”

राजे असे हसले, की मुकुट कानावर आला. राजे खरंच हसतायत याची खात्री करून घेऊन दरबारीही हसले.

“म्हैस तिची, वगारी तिच्या!” राजांनी डोळे पुसत सांगितलं. “वर एक भरजरी लुगडं द्या. आणि यापुढे चुलीच्या धुरापायी बकुळपुरात कुणाचं जनावर अडकवलं, तर गाठ माझ्याशी आहे! शेट, ही चारही जनावरं तुम्ही स्वतः तिच्या लेकीच्या गावी पोचवायची. पायी!”

भर बाजारातून येसूची गाडी निघाली. मागं चार दावी धरून कोंडशेट फरफटत होता आणि दोन्ही बाजूंनी त्याचे भाडेकरू मुजरे करत होते.

येसूनं गाडीतून वळून पाहिलं. “मधलीला जपा हं, शेटजी, लाथ मारते!”

शेट लंगडत होता. त्याला ते आधीच कळलं होतं.