माड कोणाचो?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वेळखोलच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायचं तर होडी, आणि होडी कधी निघेल ते होडीवाल्याच्या मर्जीवर. त्या काळी गावात धाकू नावाचा पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. असं म्हणतात, की धाकू माडावर चढायचा नाही, माडच त्याला उचलून वर घ्यायचा. हसा खुशाल. पण त्याला चढताना पाहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती हे सांगताना हसत नसत.

वेळखोलात एक रीत होती. पाडेली शेंड्याला पोचला, की कोयता लावण्याआधी वरून विचारी, "माड कोणाचो?" मग खालून घरच्या माणसाने नाव सांगायचं. माड एकमेकांना खेटून उभे, कुंपणं मोडलेली, उगाच भाऊबंदांत भांडण नको म्हणून ही रीत. पण नाव ऐकून पाडेल्याने एकदा कोयता लावला, की मग ते फिरवता येत नसे. पाडेल्याची मजुरी म्हणजे माडामागे एक नारळ.

धाकूचा थोरला मुलगा नारू पलीकडच्या गावी शिकायला जाई. एक दिवस होडी कलंडली. बाकीचे सगळे पोहत काठाला लागले, नारू आला नाही. पुढे गावातच देवळाच्या पडवीत शाळा भरू लागली, तेव्हा धाकूने आपल्या धाकट्या शेवंताला पहिल्याच दिवशी नेऊन बसवलं. आणि मग तालुक्याहून साहेब आले. ते बजावून गेले, की वैशाख संपायच्या आत शाळेला स्वतःची इमारत उभी करा, नाहीतर मास्तर पलीकडे जाईल. म्हणजे पोरांनी पुन्हा होडीत बसायचं.

गावाची बैठक बसली. वर्गणीचं नाव निघताच जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. लबाड नव्हते हो ते, घरात रोकडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू स्वतःच्या दारातल्या एकुलत्या एक माडावर चढला आणि वरून त्याने विचारलं, "माड कोणाचो?"

खाली शेवंता होती. "आपलो," ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने आणखी एकदा विचारलं, आणि असं म्हणतात, की या खेपेला त्याचा आवाज फाटला. शेवंताने खाडीकडे बघितलं. मग वर तोंड करून म्हणाली, "शाळेचो."

शेजारणीने ते ऐकलं. धाकू तिच्या माडावर चढला, तेव्हा तिनेही तेच उत्तर दिलं. मग हे वारं आळीतून आळीत गेलं. दर घराने एक माड शाळेच्या नावाने केला. त्याचे नारळ गलबतात चढू लागले, खोबरं घाण्यावर जाऊ लागलं. सोडणं, म्हणजे नारळावरची सालं, खाडीच्या चिखलात कुजत घालून, बडवून, बायांनी त्यांचे सुंभ वळले. ज्यांच्या दारात माडच नव्हता, त्यांनी पडलेल्या झावळ्या विणून विकल्या. पैसा असा येऊ शकतो हे त्या गावाला तोवर ठाऊकच नव्हतं. आणि शाळेच्या माडावरून धाकूने मजुरीचा नारळ कधी घेतला नाही.

मागे राहिली ती जानकीकाकी. तिची बाग सगळ्यांत मोठी, पण घरात मूलबाळ नव्हतं. माझं कोण शाळेत जाणार, असं ती म्हणे. शेवटी लोकांची तोंडं बंद करायला तिने खाडीकाठचा एक माड दिला. उंच, सरळ, देखणा. पण त्याला जन्मात कधी नारळ लागला नव्हता. सगळं गाव काय ते समजलं.

वैशाख संपत आला. भिंती उभ्या राहिल्या, पण वर कौलं नव्हती. शाळेच्या सगळ्या माडांचे नारळ पाडून झाले होते. धाकू कमरेला कोयता लावून काकीच्या त्या माडाखाली येऊन उभा राहिला, तेव्हा काकीला भरून आलं. ती म्हणाली, "दुसरो खयचोय माड घे रे धाकू. तेका काय लागना नाय."

"दिलेलो माड बदलुचो नसता, काकी," धाकू म्हणाला. "खालसून कसा कळात? वर जावन बघतंय."

तो चढला. गाव गोळा झालं. वर एवढासा दिसणारा धाकू ओरडला, "माड कोणाचो?" काकीने मान खाली घातली. तेवढ्यात शेवंता ओरडली, "शाळेचो!" आणि मागोमाग बिनछपराच्या भिंतींतून सगळी पोरं ओरडली. काकीने डोळ्यांना पदर लावला आणि तीही म्हणाली, "शाळेचो रे बाबा."

असं म्हणतात, की तेव्हा नारळ पडू लागले. ज्या माडाला कधी फूल नाही, त्यावरून नारळ पडत राहिले, पडत राहिले, दिवेलागण झाली तरी पडत राहिले. माणसं उचलून दमली. कौलांपुरते झाले, दारांपुरते झाले, मग पडायचे थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं. वर कुणी नव्हतं.

खाली तो उतरला नव्हता, पाण्यात काही पडल्याचा आवाज नव्हता. कोयता तेवढा बुंध्याशी टेकवलेला होता. त्या शेंड्यावरून पलीकडचा काठ दिसतो. तिथे त्याला नारू दिसला असेल, असं जुनी माणसं म्हणत. मला ते खरं वाटतं.

शाळा झाली. शेवंता तिथेच शिकली आणि तिथेच मास्तरीण झाली. आज खाडीवर पूल आहे, पण वेळखोलात मूल पहिल्यांदा शाळेत जातं त्या दिवशी घरचे एक माड शाळेच्या नावाने करतात. त्याचे नारळ पाडताना पाडेली वरून विचारतो आणि उत्तर पोरं देतात. आणि शेंड्यावर एक नारळ मुद्दाम ठेवला जातो. ती धाकूची मजुरी. सकाळी तो नारळ माडावर नसतो आणि खालीही नसतो. कुणी शोधायला जात नाही.