ओल्या मातीतला पंजा

फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या रानात टिटवीची अंडी नाहीशी झाली आणि आळ मुंगसावर आला.

"मी नाही खाल्ली," मुंगूस म्हणाले.

"नसशील रे," पंचांचा कारभारी कोल्हा म्हणाला. "पण चौकशीत हरलास तर जन्मभर हद्दपार. आत्ताच कबूल केलंस तर पलीकडच्या काठावर एकच पावसाळा. पिल्लांचा विचार कर."

पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. मुंगसाने ओल्या मातीत कबुलीचा पंजा उमटवला आणि नदी ओलांडली.

श्रावणात टिटवी उडत आली. "चुकलं माझं, दादा! घोरपड खाते अंडी. आज मी डोळ्यांनी पाहिलं."

रानाचा मोठा न्याय हत्ती करी; तो नदीच्या याच बाजूला चरत होता. मुंगूस त्याच्याकडे धावले.

"शिक्षा जास्त झाली म्हणालास, तर ऐकेन," हत्ती हळहळून म्हणाला. "पण गुन्हाच केला नाही, हे आता कसं ऐकू, बाळा? पंजा तुझाच आहे."

मुंगूस काठावर येऊन बसले. पलीकडे पिल्ले केवढी मोठी झाली होती! धाकटे ओरडले, "बाबा, अंडी तुम्ही खाल्ली होती का?"

"नाही रे, राजा!" मुंगूस जीव तोडून ओरडले.

पण वारा समोरून येत होता. धाकटे कान टवकारून थांबले, आणि त्याने पुन्हा तेच विचारले.